आपल्या भाकरीचं माहेर

मंडळी, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून बरंच काही गळून गेलं. मोडी वाचणारं कुणी उरलं नाही. बडोद्यात आमच्या बोलण्यात गुजराती शिरली, इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीचा हेल आला, बेळगावात कानडी मिसळली आणि हैदराबादेत उर्दू-तेलुगू. भाकरी मात्र टिकली. आमची आजी शेजारच्या बेनच्या रोटल्याला कधी भाकरी म्हणाली नाही. दोन्ही बाजरीचेच, दोन्ही हातावर थापलेले, पण "तो त्यांचा रोटला, ही आपली भाकरी" असा तिचा हिशेब. त्यात गुजरातीत भाखरी म्हणजे गव्हाची, कडक, तो आणखी वेगळाच घोळ. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असंच असणार. बेळगावकडे शेजारी जोळद रोट्टी, हैदराबादेत जोन्न रोट्टे, गोव्यात नाचणीची भाकरी आणि सकाळी तिजान, ग्वाल्हेरच्या बाजूला थंडीत बाजरीची रोटी आणि गूळ-तूप.

आज लिहायचंय ते या भाकरीच्या पिठाबद्दल. ज्वारी, बाजरी आणि नाचणी, ही तिन्ही धान्यं मुळात आपल्या मातीत जन्मलेली नाहीत. तिन्ही आफ्रिकेतल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी रानगवतातून घडवली. आपण रोज उसळ करतो ती चवळीसुद्धा तिकडचीच. आमटीतल्या चिंचेचं झाडही मूळचं आफ्रिकेतलं. हे सांगितलं की काही जणांना वाईट वाटतं, काहींना चक्क राग येतो. "ज्वारी आपली नाही म्हणता?" असं विचारतात. आपली आहेच. पण ती आपली कशी झाली याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि ज्यांनी ती घडवली त्यांचं नाव आपण कधी घेतलं नाही, ते एकदा घ्यायला हवं.

शाळेत आपल्याला आफ्रिका दोनदा भेटते. एकदा पिरॅमिडच्या धड्यात, एकदा गुलामांच्या व्यापारात. मराठी इतिहासात तिसऱ्यांदा भेटते ती हबशी म्हणून. निजामशाहीचा मलिक अंबर, ज्याने १६१० मध्ये खडकी वसवलं, पुढे त्याचंच औरंगाबाद झालं. जंजिऱ्याचा सिद्दी, जो शेवटपर्यंत मराठ्यांच्या हाती लागला नाही. ही सगळी तलवारीची, किल्ल्यांची माणसं. पण मलिक अंबर १५४८ च्या सुमारास ज्या इथिओपियात जन्मला, त्या बाजूची नाचणी आणि त्याच्या शेजारच्या सुदानची ज्वारी दख्खनच्या रानात त्याच्या आधीच दोन-तीन हजार वर्षं उभी होती. आफ्रिकेहून आपल्याकडे आलेला पहिला पाहुणा सैनिक नव्हता, तो बियाणं होता.

आधी ज्वारीचं बघू.

इजिप्तच्या दक्षिणेला, आजच्या भकास वाळवंटात नाब्ता प्लाया नावाची जागा आहे. आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी तिथे पावसाळ्यात तळं भरायचं. तळ्याकाठी झोपड्या होत्या, धान्य साठवायची पेवं होती, चुली होत्या. त्या चुलींच्या राखेत ज्वारीचे जळके दाणे सापडले. पण ही ज्वारी रानटी होती. माणसं ती पेरत नव्हती, वेचून आणत होती.

रानटी ज्वारीची खोड अशी की पिकली की दाणे आपोआप झडतात. झाडाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, बी मातीत पडायला हवं. माणसाची मात्र पंचाईत. कापणीला जावं तर अर्धे दाणे जमिनीवर. आता कणसं कापून घरी आणली की घरी येतात कुठले दाणे? जे झडले नाहीत ते. त्यातलेच पुढच्या वर्षी पेरले, पुन्हा कापले, पुन्हा पेरले. असं शेकडो पिढ्या चाललं आणि हळूहळू कणसाला घट्ट धरून राहणारी ज्वारी तयार झाली. अशी ज्वारी माणसाने मळल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे माणसाशिवाय ती जगूच शकत नाही. यालाच आपण पीक म्हणतो.

हे कुठे घडलं त्याचा सगळ्यांत जुना पुरावा पूर्व सुदानात मिळाला, अत्बरा नदीच्या परिसरात, कसला शहराच्या बाजूला. तो पुरावा मिळाला त्याची गंमत बघा. तिथले लोक मडकी करताना मातीत धान्याचा कोंडा, फोलपटं मिसळायचे. आपल्याकडेही भिंतीच्या मातीत भुसा मिसळत, तसंच. भट्टीत फोलपट जळून गेलं, पण त्याचा ठसा मडक्याच्या पोटात राहिला. संशोधकांनी ते ठसे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दाणा आपोआप झडला असेल तर त्याच्या देठाचा व्रण गुळगुळीत असतो, मळून तोडला असेल तर फाटका. त्या मडक्यांत दोन्ही प्रकारचे व्रण मिळाले. म्हणजे रानटी ज्वारीचं पीक होण्याचं काम ऐन मध्यावर असताना ती मडकी घडली. काळ पाच ते साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे अगदी काल-परवा.

ते लोक कोण होते? पुरातत्त्वाच्या भाषेत त्यांना तिथल्या मैदानावरून बुताना गट म्हणतात. राजा नाही, शिलालेख नाही, एकाचंही नाव नाही. गुरं राखणारी, मडकी घडवणारी, शेती शिकत असलेली माणसं. त्याच बुताना मैदानात तीनेक हजार वर्षांनी कुश राज्याचा अंमल होता. मेरोए ही त्याची राजधानी, लोखंडाच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध. तिथे जबल कैली नावाच्या टेकडीच्या खडकावर शेरकारेर या राजाचं चित्र कोरलेलं आहे. त्यात सूर्यदेव राजाला दोन गोष्टी देतो आहे. एका हाताने दोरखंडाला बांधलेले शत्रू, आणि दुसऱ्या हाताने ज्वारीची कणसं. विजय आणि ज्वारी, दोन्ही देवाचे प्रसाद. आपल्याकडे खळ्यावर पहिली कणसं देवापुढे ठेवायची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

बाजरीचं माहेर आणखी पश्चिमेला. एके काळी सहारा हिरवा होता. तळी होती, गवत होतं, गुरांचे कळप होते. पाचेक हजार वर्षांपूर्वी पाऊस आटत गेला आणि गुरं राखणारी माणसं दक्षिणेकडे सरकली. माळरान कोरडं, पाऊस दीड-दोन महिन्यांचा, भरवसा काही नाही. अशा जागी लवकर येणारं, थोड्या पाण्यावर तगणारं एक रानगवत त्यांनी हाताशी धरलं. मालीमध्ये गाओ शहराच्या उत्तरेला तिलेम्सी नावाचं खोरं आहे. तिथल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत पेरलेल्या बाजरीचे ठसे मिळाले. पुढे मॉरिटानियात धार तिशितच्या कड्यावर दगडी कुंपणांची गावंच्या गावं उभी राहिली. बाजरी पिकवणारी, गुरं पाळणारी. पश्चिम आफ्रिकेतल्या नामांकित घाना साम्राज्याची मुळं अभ्यासक याच गावांत शोधतात. चवळीचे सगळ्यांत जुने दाणे आजच्या घाना देशातले, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे.

नाचणी डोंगराची. इथिओपिया ते युगांडा हा पूर्व आफ्रिकेचा उंच पट्टा तिचं घर. इथिओपियात तिला दागुसा म्हणतात, आणि आजही तिची भाकरी-आंबोळी आणि पेयं होतात. नाचणीचा मोठा गुण म्हणजे ती वर्षानुवर्षं कीड न लागता टिकते. ज्या डोंगरी माणसाने आधी तिला हाताशी धरलं त्याने दुष्काळाची तरतूदच करून ठेवली.

आफ्रिकेत या धान्यांनी काय केलं तेही थोडक्यात सांगतो. पश्चिम-मध्य आफ्रिकेतून बांटू भाषा बोलणारे लोक हळूहळू खंडभर पसरले, ते लोखंडाची अवजारं आणि ज्वारी-बाजरी-नाचणीचं बियाणं घेऊन थेट दक्षिण टोकाच्या दिशेने गेले. ग्रेट झिम्बाब्वेच्या त्या प्रचंड दगडी भिंती उभारणारी माणसंही याच धान्यांवर जगली. आज ज्वारी जगात मका, तांदूळ, गहू आणि जव यांच्यानंतर पाचव्या क्रमांकाचं तृणधान्य आहे. कोट्यवधी माणसांचं पोट त्या मडकी घडवणाऱ्यांच्या कामावर भरतं.

मग हे आपल्याकडे आलं कसं?

अरबी समुद्र दोन वाऱ्यांचा आहे. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून आफ्रिकेच्या दिशेने वाहतो, पावसाळ्याच्या आसपास नैऋत्येकडून आपल्या दिशेने. पण चार हजार वर्षांपूर्वी भर समुद्र ओलांडणारी मोठी गलबतं नव्हती. अभ्यासकांचं मत असं की बियाणं किनाऱ्याकिनाऱ्याने, कोळ्यांच्या आणि लहान व्यापाऱ्यांच्या होड्यांतून, हातोहात आलं असावं. कुणी शिदोरी म्हणून आणलं असेल, कुणी देवाणघेवाणीत. सौराष्ट्रातल्या उत्तर हडप्पाकाळातल्या वसाहतींमध्ये ही धान्यं दिसू लागतात. साडेतीन हजार वर्षांपूर्वी बाजरी तुंगभद्रेच्या काठी, हावेरी जिल्ह्यातल्या हल्लूरला पोचलेली होती. बेळगावकरांना हे गाव फार लांब नाही.

ती पोचली तेव्हा इथे शेती नव्हती असं नाही. सिंधूच्या लोकांची मुख्य पिकं गहू आणि जव, म्हणजे हिवाळ्याची. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ते महाराष्ट्रातले आद्य शेतकरी, आणि त्यांचं मुख्य धान्य होतं जव. दक्षिणेत मूग, कुळीथ, काही बारीक धान्यंही होती. पण नदीकाठ सोडून वर माळावर चढायचं, पावसाच्या भरवशावर पोटभर धान्य काढायचं, तर जव-गहू साथ देत नाहीत. तिथे ज्वारी-बाजरी उपयोगी पडली.

ज्वारीचं वैशिष्ट्य कुठलाही शेतकरी सांगेल. पाऊस ओढला की ती मान टाकत नाही, वाढ थांबवून वाट बघते. पाऊस आला की पुन्हा चालू लागते. काळ्या जमिनीत तर रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येते. सोलापूरच्या मोहोळ केंद्रातली मालदांडी ३५-१ घ्या, अजून लोक तिच्याच भाकरीचं नाव काढतात. वर तिचा कडबा. माणसाला दाणा आणि बैलाला वैरण एकाच ताटातून देणारं दुसरं पीक दख्खनला मिळालं नाही. पाचुंदे, गंजी, हुरडा, गोफण, माळ्यावरची राखण, हे आपलं सगळं जग ज्वारीभोवती उभं राहिलं. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात दाट वस्ती झाली, गावगाडा चालला, फौजा पोसल्या गेल्या, त्याच्या तळाशी हे परक्या देशातून आलेलं धान्य आहे. आणि ज्या फौजांबरोबर आपले पूर्वज माळव्यात, गुजरातेत, ग्वाल्हेरात गेले, त्यांचाही तळ याच धान्यावर होता.

इथल्या माणसांनी नुसतं धान्य घेतलं नाही, त्याला नाव दिलं. ज्वारी आणि जोंधळा या दोन्ही शब्दांची मुळं भाषेचे अभ्यासक 'यव' या शब्दाशी जोडतात. यव म्हणजे जव. नवी सून घरात आली की तिला घरातल्याच कुणासारखी म्हणून ओळखतात ना, "अगदी थोरल्या जाऊबाईंसारखी दिसते", तसंच हे. नव्या धान्याला जुन्या धान्याच्या नावाने हाक मारली. तेलुगूतला जोन्न आणि कानडीतला जोळ हे त्याच गोतावळ्यातले. चिंचेची उलटी गंमत झाली. ती आफ्रिकेची, पण भारतात इतकी रुळली की अरबांनी तिचं नाव ठेवलं तम्र हिंदी, हिंदुस्थानचा खजूर. त्यावरूनच इंग्रजी टॅमरिंड. आफ्रिकेच्या झाडाला जगाने नाव दिलं ते हिंदुस्थानचं.

आणि इथल्या शेतकऱ्याने त्यात भरही घातली. ज्वारीच्या पाच मुख्य जातकुळी मानतात. आपल्याकडची गच्च भरलेल्या कणसाची, बऱ्याचदा मान वाकवून उभी असणारी, ती दुर्रा जातकुळी. जॅक हार्लन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की आफ्रिकेतून आलेल्या जुन्या मोकळ्या कणसाच्या ज्वारीपासून ही जातकुळी भारतात घडली आणि पुढे परत आफ्रिकेत गेली. म्हणजे लेक माहेरी परतली ती भरल्या ओटीने.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती, हे लक्षात ठेवायला हवं. आपला वशिंडाचा बैल आफ्रिकेत गेला आणि तिथल्या गुरांत मिसळला, आज पूर्व आफ्रिकेतल्या कळपांत ते वशिंड सर्रास दिसतं. इजिप्तचा दुसरा रामसेस ख्रिस्तपूर्व १२१३ मध्ये वारला. त्याच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरे सापडले, आणि मिरे तेव्हा फक्त आपल्या दक्षिणेत होत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्राच्या प्रवासाची वही लिहिली, 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. त्यात आपली भडोच, सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं आहेत, आतली पैठण आणि तेर ही गावं आहेत. आणि त्यातच इथिओपियाच्या अक्सुम राज्याचं अदुलिस बंदर आहे. आपल्या बाजूने अदुलिसला लोखंड, पोलाद, सुती कापड आणि लाख जायची. अदुलिसहून हस्तिदंत, कासवाची पाठ आणि गेंड्याचं शिंग बाहेर पडायचं. सोमाली किनाऱ्यावर तर इकडून गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल आणि उसाची साखर जायची. त्या वहीत साखरेला 'साक्खरी' असंच म्हटलंय. तूप आणि तिळाचं तेल तिकडे, भाकरीचं बियाणं इकडे. हिशेब चुकता झाला म्हणायचा.

अक्सुम हे काही किरकोळ राज्य नव्हतं. स्वतःची सोन्याची नाणी पाडायचं, आणि चौथ्या शतकात त्याच्या एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इथिओपियात डेब्रे डामो नावाचा कड्यावरचा मठ आहे, वर जायला दोरच लागतो. तिथे १९४० मध्ये आपल्या कुषाण राजांची शंभरावर सोन्याची नाणी सापडली. आणि सोकोत्रा बेटावर होक नावाची खोल गुहा आहे. तिच्या भिंतींवर खलाशांनी आपली नावं लिहून ठेवली आहेत. बरीचशी ब्राह्मी लिपीत, काही जण स्वतःला भरुकच्छचे म्हणवतात, म्हणजे आमच्या बडोद्याच्या शेजारच्या भडोचचे. त्याच भिंतींवर अक्सुमच्या लोकांचेही लेख आहेत. एकाच गुहेत, अंधारात, मशाल धरून आपलं नाव लिहिणारे दोन देशांचे खलाशी.

हे सगळं जुनं झालं असं वाटेल, पण तो प्रवाह थांबलेला नाही. १९६४ मध्ये भारतात ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं, सीएसएच-१. त्याची मादी अमेरिकेतून आणलेल्या वाणाची होती, आणि ते वाण मुळात दक्षिण आफ्रिकेच्या जातकुळीचं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रेशनवर आलेली लाल मिलो जुन्या लोकांना आठवत असेल, तिला नाकं मुरडतच लोकांनी ती खाल्ली. ती अमेरिकेतून आली होती, पण अमेरिकेत ज्वारी गेली आफ्रिकेतूनच. काही वाण तर गुलामांना कोंबून नेणाऱ्या जहाजांतून गेले.

बाजरीचंही तसंच. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून आहे. तिथल्या बियाणांच्या पेढीत ज्वारीचेच ४०,००० च्या आसपास नमुने जपलेले आहेत, देशोदेशीचे, आफ्रिकेतले भरपूर. पश्चिम आफ्रिकेत टोगो नावाचा चिंचोळा देश आहे. त्याच्या उत्तर भागातली इनियादी नावाची टपोऱ्या दाण्यांची गावठी बाजरी पाटणचेरूला आली, तिच्यातून आयसीटीपी ८२०३ हे वाण निवडलं गेलं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झालं. त्याच्यातूनच पुढे जास्त लोह असलेली 'धनशक्ती' निघाली, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साथीने, २०१२ मध्ये. नगर-नाशिककडची लोहाने भरलेली बाजरी म्हणून जी पिशवी हल्ली कौतुकाने आणली जाते, तिच्यात टोगोच्या कुण्या शेतकऱ्याच्या आजोबा-पणजोबांनी निवडून ठेवलेलं बियाणं असू शकतं.

आता थोडं आपल्याबद्दल बोलतो.

या धान्यांना आपण फार काळ हलकं मानलं. सणाला पोळी, रोजला भाकरी. पाहुण्यापुढे भाकरी ठेवायची लाज वाटायची. आमच्या वडिलांच्या पिढीत शाळेच्या डब्यात भाकरी असली तर मुलं झाकण अर्धं लावून खायची. सरकारी कागदातही नाव 'भरड धान्य'. माळव्यात सोयाबीन आलं आणि ज्वारीची रानं बघता बघता गेली. मग २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष ठरवलं, आपल्या सरकारने त्यांना श्री अन्न म्हटलं, आणि तीच नाचणी चकचकीत पाकिटात चौपट भावाने घरी आली. चांगलंच झालं. पण त्याबरोबर मोबाइलवर असेही संदेश फिरू लागले की ही सगळी धान्यं वेदकाळापासूनची, शुद्ध इथलीच. ऋग्वेदात धान्य आहे ते यव. ज्वारीचं मोठेपण सिद्ध करायला तिचा जन्म बदलायची गरज नाही.

धान्याला मान मिळाला, पण माणसांचं काय? उत्तर कन्नडात यल्लापूर-हल्याळच्या जंगलात सिद्दी समाज राहतो. गोव्याच्या पोर्तुगिजांनी आणि अरबांनी गुलाम करून आणलेल्यांचे ते वंशज. ते बोलतात ती कोकणी, तीत मराठीची मिसळण. म्हणजे आपल्याच भाषेचे भाऊबंद. २००३ मध्ये त्यांना तिथे अनुसूचित जमातीत घेतलं गेलं. भडोच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यापाशी गुजरातचे सिद्दी आहेत. किती जणांनी त्यांना 'आपल्याकडचे' म्हणून ओळखलं?

चारेक वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत बैठक झाली होती. एका सदनिकेत शिकायला आलेली आफ्रिकन मुलं भाड्याने राहायला येणार होती. हरकतींपैकी एक अशी, "त्यांचं खाणंपिणं वेगळं, वास येतो." शेवटी दोन मुलं आली, सुदानची. त्यांतला एक एकदा आमच्याकडे जेवायला होता. सौ.ने ज्वारीची भाकरी केली होती. त्याने तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाला, "दुरा." त्यांच्याकडे ज्वारीला हेच म्हणतात. मग त्याने सांगितलं की त्याची आई ज्वारीचं पीठ आंबवून, तापल्या तव्यावर पातळ पसरून किसरा करते. आमच्या सौ.ला ते ऐकूनच कळलं. "म्हणजे आमची आंबोळीच की," ती म्हणाली. त्या बैठकीत ज्याला 'वेगळं खाणं' म्हटलं होतं ते हेच.

एप्रिल २०२३ मध्ये त्याच्या देशात यादवी पेटली. वाड मदनी या शहरात सुदानची राष्ट्रीय बियाणे-पेढी होती, ज्वारी-बाजरीच्या शेकडो जुन्या गावठी वाणांची. लढाईत ती लुटली गेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी इतरत्र वाचवलेले नमुने फेब्रुवारी २०२५ मध्ये नॉर्वेच्या बर्फाळ स्वालबार्ड बेटावरच्या भूमिगत कोठारात पाठवले. त्यात ज्वारी होती. जिथे पहिल्यांदा मडक्यात तिचा ठसा उमटला, त्या देशाला तिचं बियाणं वाचवायला उत्तर ध्रुवाजवळ पाठवावं लागलं. आणि तिथली माणसं आज उपाशी आहेत. बातम्यांत सुदानचं नाव आलं की आपण पुढे सरकतो. निदान भाकरी खाणाऱ्यांनी तरी तेवढं पटकन सरकू नये, असं मला वाटतं.

आपणही कुठून तरी आलेलीच माणसं. इथे पाच-सहा पिढ्या राहूनही "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न सुटत नाही. उत्तर देताना आपण साताऱ्याचं, रत्नागिरीचं, वाईचं नाव सांगतो, आणि तरी बडोदा-इंदूर-बेळगाव आपलंच असतं. दोन्ही खरं असतं. भाकरीचंही तसंच आहे. तिचं माहेर सांगितल्याने तिचं इथलं घर मोडत नाही.

एक काम मात्र करण्यासारखं आहे. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना ज्वारी-बाजरी-नाचणीच्या जुन्या वाणांची नावं विचारा. दगडी, दूधमोगरा, मालदांडी, आणखी कितीतरी. कुठलं हुरड्याला, कुठलं भाकरीला, कुठलं लाह्यांना, कुठल्याचा कडबा गोड. मुलूख कुठला तेही लिहून घ्या. बियाणं पाटणचेरूच्या पेढीत असू शकेल, पण ते कशाला वापरायचं हे तिथल्या पाकिटावर लिहिलेलं नसतं. ते फक्त आपल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे.